हात धडधाकट असतानाच पाहून ठेवा

तळहात वर करून अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक बारीक दोरी कातडीखाली ताठ उभी राहते. काहींच्या हाताला ती दिसतच नाही. काहींना उजव्या हाताला दिसते आणि डाव्या हाताला नाही. बोलताना आपण हिलाही सरसकट ‘शीर’ म्हणतो, पण ती रक्तवाहिनी नव्हे आणि नसही नव्हे. स्नायूचा जोर पुढे पोचवणारा जो चिवट पांढरा पट्टा असतो, त्याला कंडरा म्हणतात. दवाखान्यात टेंडन हा शब्द कानावर पडतो. मनगटावरची ही कंडरा पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची. इटलीतील शरीररचनातज्ज्ञ रेआल्दो कोलंबो याच्या १५५९ सालच्या ग्रंथात ती काही माणसांत नसते अशी नोंद सापडते, म्हणजे वैद्यकाला हे ठाऊक होऊन साडेचारशेहून अधिक वर्षे झाली. ज्याचा हात आहे त्याला मात्र ते बहुधा ठाऊक नसते, आणि एखाद्या दिवशी बोट कापले, मनगट मोडले किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली की हे अज्ञान महागात पडू शकते. हातातील कंडरांची रचना माणसागणिक बदलते आणि पाठ्यपुस्तकातील चित्राबरहुकूम असलेला हात हाच बहुसंख्यांचा हात असे समजणे चूक आहे. म्हणून प्रत्येक प्रौढ माणसाने आपले दोन्ही हात, ते ठणठणीत असताना, एकदा नीट तपासून त्याची नोंद ठेवावी. त्याला पाच-दहा मिनिटे लागतात आणि कोणतेही उपकरण लागत नाही.

आधी आकडे पाहू. पाल्मारिस लाँगस सुमारे १५ टक्के लोकांत नसतो, असे वैद्यकीय पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. हा आकडा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या पाहणीतून आला होता. पुढे निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांनी आपापल्या माणसांचे हात पाहिले तेव्हा चित्र पालटले. बेलफास्टच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २५ टक्के लोकांच्या किमान एका हातात तो नव्हता. सिंगापूरमधील चिनी वंशाच्या लोकांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही आत निघाले, युगांडातही तसेच. तुर्कस्तानातल्या एका पाहणीत ते साठीच्या पुढे गेले. भारतात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते १७ टक्क्यांच्या आसपास होते. भारत म्हणजे एक वंश नव्हे, तेव्हा हा आकडा कोकणातल्या, विदर्भातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी एवढे म्हणता येते की आपल्याकडे ही दोरी नसलेला माणूस दुर्मिळ मुळीच नाही. तीस-चाळीस जणांच्या कचेरीत असे चार-पाच जण सहज निघावेत.

पाच टक्के आणि साठ टक्के यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असताना या आकड्यांवर विश्वास तरी कसा ठेवायचा, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. या फरकाचा काही भाग खरा आहे, वंशागणिक रचना बदलते. उरलेला भाग मोजण्याच्या पद्धतीतून येतो. शवविच्छेदनात कातडी बाजूला सारून पाहिले की बारीकशी कंडराही हाती लागते. जिवंत माणसाच्या मनगटावर तीच चरबीखाली किंवा सुजेखाली दडून राहते आणि ‘नाही’ अशी नोंद होते. उलट चूकही होते. या दोरीच्या शेजारीच, अंगठ्याच्या बाजूला, मनगट वाकवणारी दुसरी जाड कंडरा असते आणि घाईत तिलाच पाल्मारिस समजले जाते. शिवाय तपासणीच्या रीती अनेक आहेत. अंगठा-करंगळीची रीत शेफर यांच्या नावाने ओळखली जाते, तर कोणी मूठ वळून मनगट वाकवायला सांगतो. एका रीतीत न दिसलेली कंडरा दुसरीत उभी राहते. एका हातात नसलेल्यांना धरायचे की दोन्ही हातांत नसलेल्यांनाच, यावरही टक्केवारी बदलते. तेव्हा दशांश चिन्हापुढचे आकडे खुशाल विसरावेत. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की बहुतेक देशांत, कोणत्याही रीतीने मोजले तरी हे प्रमाण नगण्य निघत नाही.

या स्नायूबद्दल मोबाइलवर फिरणारा एक दावा असा, की ज्यांना तो नाही ते ‘अधिक उत्क्रांत’, कारण झाडावर लोंबकळणाऱ्या पूर्वजांचा हा उरलेला अवशेष आहे. यात अर्धे सत्य आहे. हा स्नायू माणसात उतरणीला लागलेला आहे, हे मत शरीररचनाशास्त्रात जुने आहे. पण तेवढ्यावरून माणसांची प्रतवारी लावता येत नाही. बेलफास्टचा माणूस सिंगापूरच्या माणसापेक्षा पाचपट पुढारलेला, असे म्हणण्यासारखेच ते हास्यास्पद आहे. सिंगापूरमध्येच २००५ साली हा स्नायू असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या मुठीची व चिमटीची ताकद मोजली गेली, तेव्हा फरक आढळला नाही. याच्या उलट बाजूचे पुरावेही आहेत. मूठ घट्ट धरावी लागणाऱ्या खेळांतील अव्वल खेळाडूंत हा स्नायू अधिक वेळा आढळला, आणि अंगठा तळव्यापासून दूर उचलण्याची ताकद तो असलेल्यांत जास्त भरली, असे सांगणारे अभ्यास आहेत. सगळे एकत्र ठेवले तर निष्कर्ष असा: रोजच्या कामात त्याची उणीव कोणालाही जाणवत नाही. जाणवली असती तर ती नाही हे कळायला मनगट वाकवून पाहण्याची गरजच पडली नसती.

आता दुसरी तपासणी. तळहात वर करून बोटे सैल ठेवा आणि फक्त अंगठा, त्याच्या टोकाच्या पेरासकट, तळव्याच्या आत पूर्ण दुमडा. तर्जनीकडे पाहा. ती स्वस्थ पडून राहिली तर ठीक. तिचे टोकाचे पेर आपोआप वाकू लागले तर अंगठ्याची कंडरा आणि तर्जनीची कंडरा यांच्यात, मनगटाजवळ किंवा त्याच्या थोडे वर, एखादा जोडपट्टा असण्याची शक्यता आहे. पक्के करायचे तर दुसऱ्या हाताने तर्जनी सरळ धरून ठेवा आणि पुन्हा अंगठा दुमडा. जोडपट्टा असेल तर अंगठा अडतो किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला ओढ बसते. लिनबर्ग आणि कॉमस्टॉक या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९७९ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांनी तपासलेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या किमान एका हातात हा प्रकार होता आणि १४ टक्क्यांच्या दोन्ही हातांत. म्हणजे दर तीन माणसांमागे जवळजवळ एक. यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही, कारण पेन धरताना, भाजी चिरताना, दोरी ओढताना अंगठा आणि तर्जनी एरवीही जोडीनेच काम करतात. अडचण येते ती दोघांना वेगळे वागवावे लागणाऱ्या कामात. हार्मोनियमवर सरगम घेताना अंगठा बोटांखालून पुढे सरकवावा लागतो, त्या वेळी तर्जनी पट्टीवर सरळ राहायला हवी. तासन्‌तासाच्या रियाजानंतर मनगटाच्या आत, थोडे वर, दुखू लागले आणि तपासणीत हा जोडपट्टा आढळला, तर दुखण्याचे एक संभाव्य कारण हाती येते.

तिसरी तपासणी करंगळीची, आणि दवाखान्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या कंडरा दोन असतात. खोलवरची टोकाच्या पेरापर्यंत जाते, वरवरची मधल्या सांध्यापलीकडे संपते. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, दुसऱ्या हाताने तर्जनी, मधले बोट आणि अनामिका सरळ दाबून धरा आणि एकटी करंगळी मधल्या सांध्यात वाकवून पाहा. बाकीची बोटे दाबून धरली की खोलवरची कंडरा जवळपास निकामी होते. कारण मधल्या बोटाच्या, अनामिकेच्या आणि करंगळीच्या खोल कंडरांचा स्नायू पुष्कळसा सामाईक असतो.  मग उरते ती वरवरची कंडरा, आणि करंगळी वाकली तर ती तिच्या जोरावर. अनेक पाहण्यांत सुमारे एक तृतीयांश हातांची करंगळी या परीक्षेत एकटी वाकली नाही. आता अनामिका मोकळी सोडून पुन्हा पाहा. अनामिकेसोबत करंगळी वाकली तर तिची कंडरा आहे, पण अनामिकेच्या कंडरेशी बांधलेली आहे. तेव्हाही वाकली नाही, तर ती फार अशक्त असेल किंवा क्वचित नसेलच. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ‘काम करीत नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचे प्रमाण दुसरीपेक्षा पुष्कळ अधिक आहे.

इथे एक ढोबळ हिशेब मांडता येतो. मनगटावरची दोरी नसणारे शंभरात सतरा, अंगठा-तर्जनी जोडलेले एकतीस, करंगळी एकटी न वाकणारे चौतीस धरा. या तिन्हींचा एकमेकींशी संबंध नाही असे मानले, तर तिन्ही बाबतींत पुस्तकाबरहुकूम असणारे शंभरात अडतीसच्या आसपास उरतात. हे आकडे वेगवेगळ्या देशांतले आहेत, काही हातांचे आहेत तर काही माणसांचे, आणि ‘संबंध नाही’ हे गृहीतही वादातीत नाही. तेव्हा अडतीस या संख्येला काडीचे महत्त्व देऊ नका. पण दिशा स्पष्ट आहे. फक्त तीन गोष्टी पाहिल्या तर निम्म्याहून अधिक माणसे कुठे ना कुठे पुस्तकापासून ढळतात, आणि हाताच्या पाठीकडे तर आपण अजून वळलोही नाही. तिथे वैविध्य आणखी मोठे आहे. अंगठा बाजूला नेणारी कंडरा चित्रात एक दाखवतात, प्रत्यक्षात बहुतेक हातांत तिचे दोन किंवा अधिक पदर असतात. बोटे सरळ करणाऱ्या सामाईक स्नायूकडून करंगळीला जाणारी स्वतंत्र कंडरा निम्म्याहून अधिक हातांत नसतेच. अनामिकेकडून आलेला एक जोडपट्टा तिचे काम करतो. जे बहुसंख्यांत नाही त्याला नियम म्हणायचे आणि असलेल्याला अपवाद, हा पाठ्यपुस्तकांचा सोयीचा व्यवहार आहे. विद्यार्थ्यांना शिकवायला तो ठीक. स्वतःचा हात समजून घ्यायला नाही.

हाताच्या पाठीवरचे हे जोडपट्टे जवळजवळ सगळ्यांना असतात, फरक असतो तो त्यांच्या जाडीत आणि जागेत. तळवा टेबलावर टेकवा, मधले बोट दुमडून आत घ्या आणि उरलेली बोटे एकेक करून उचला. अंगठा, तर्जनी, करंगळी उचलली जातात, कारण त्यांना सरळ करणारे स्वतःचे वेगळे स्नायू आहेत; अनामिका मात्र खिळल्यासारखी राहते. यात अशक्तपणा नाही आणि रोगही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पियानोवादकांना मात्र हे फार खुपले. १८८० च्या दशकात फिलाडेल्फियात फोर्ब्स नावाच्या शल्यचिकित्सकाने संगीतकारांची अनामिका ‘मोकळी’ करण्यासाठी हे जोडपट्टे कापण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली होती. ती रीत टिकली नाही. त्याआधी रॉबर्ट शूमानने बोटे तयार करण्यासाठी यंत्राचा वापर केला आणि १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे बोट कायमचे बिघडले. ते यंत्राने की दुसऱ्याच आजाराने, यावर अजून एकमत नाही. आपल्याकडच्या वादनात या बांधणीशी झगडण्यापेक्षा तिचा उपयोग करून घेतलेला दिसतो. तबल्यावर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली राहते आणि तर्जनी किनारीवर स्वतंत्र आघात करते, म्हणजे मोकळ्या बोटाला मोकळे काम आणि बांधलेल्या बोटाला टेकण्याचे. शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती, की एखाद्या विद्यार्थ्याचे बोट ठरावीक हालचालीत सतत अडत असेल तर आळसाचा ठपका ठेवण्याआधी वरच्या तपासण्या करून पाहाव्यात. रियाजाने ताकद वाढते, मेंदूचा बोटांवरचा ताबा वाढतो, पण दोन कंडरांमधला पट्टा त्याने विरघळत नाही. दुखत असताना ‘अजून घोटा’ हा सल्ला इथे घातक आहे.

या साऱ्या माहितीचा खरा कस लागतो तो जखमेच्या वेळी. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने, एरवी कडबाकुट्टीत, पत्र्याने किंवा फुटलेल्या काचेने हात कापतो. रक्त थांबते, बोट हलवून पाहिले जाते, ते हलते, आणि घरातलेच कोणी म्हणते, ‘शीर शाबूत आहे, दोन टाके घाला की झाले.’ हाताच्या पाठीवरच्या जखमेत हा निर्वाळा फसवा ठरतो. बोटाची कंडरा जोडपट्ट्याच्या मनगटाकडील बाजूला कापली गेली असेल, तर शेजारच्या बोटाची कंडरा जोडपट्ट्यातून कापलेल्या बोटालाही वर ओढते. बोट उचलले जाते, जरा कमी जोराने, जरा तिरके, आणि कापलेली कंडरा टाक्यांखाली तशीच राहते. तळव्याच्या बाजूला नेमकी उलटी चूक होऊ शकते. करंगळी एकटी वाकत नाही म्हणून कंडरा तुटली असे वाटते, आणि प्रत्यक्षात ती जन्मापासून कधी एकटी वाकलेलीच नसते. हाताचे अनुभवी शल्यचिकित्सक या दोन्ही फसगती ओळखून असतात. नुसत्या हालचालीवर न विसंबता ते विरोध देऊन जोर तपासतात आणि गरज पडल्यास भूल देऊन जखम उघडून पाहतात. पण रात्री अकराला कॅज्युअल्टीत जो डॉक्टर भेटेल तो हाताचाच तज्ज्ञ असेल असे नाही. म्हणून हातावरची जखम कातडीच्या खाली गेली असेल तर बोट हलत असले तरी हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्लॅस्टिक किंवा ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवण्याचा आग्रह धरा. तोवर स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरा, सूज चढण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढा, जखमेत हळद किंवा पावडर भरू नका. कापलेली कंडरा जितकी लवकर शिवली जाईल तितका निकाल चांगला. आठवडे उलटले की तिची टोके मागे सरकतात आणि काम अवघड होत जाते.

यावर जाणकार वाचक म्हणेल, की डॉक्टर दुसऱ्या हाताशी तुलना करतातच, मग आधीच्या नोंदीची गरज काय? तुलना करतात आणि केलीच पाहिजे. पण वरचे आकडे पुन्हा पाहा. बेलफास्टच्या पाहणीत पाल्मारिस लाँगस नसलेल्या २५ टक्क्यांपैकी १६ टक्क्यांच्या एकाच हातात तो नव्हता, दोन्हींत नसणारे ९ टक्केच. अंगठा-तर्जनीच्या जोडणीतही ३१ पैकी १४ जणांच्या दोन्ही हातांत ती होती, उरलेल्या १७ जणांचा एक हात एका तऱ्हेचा आणि दुसरा दुसऱ्या तऱ्हेचा. ज्यांच्यात वेगळेपण असते त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांचे दोन हात एकमेकांसारखे नसतात, असा याचा अर्थ. तेव्हा धडक्या हाताची साक्ष उपयोगी असली तरी निर्णायक नाही. जखमी हात जखमेआधी काय करू शकत होता, याची साक्ष तो हातच देऊ शकला असता, आणि ती वेळ निघून गेलेली असते. नोंद आधी करायची ती यासाठी.

दुसरा आक्षेप भीतीचा. लोकांना स्वतःची तपासणी शिकवली की ते नसते आजार शोधू लागतात, असे डॉक्टरमंडळी वैतागून म्हणतात आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. पण भीती उपजते ती अर्धवट माहितीतून. जन्मजात वेगळेपणाची ओळख सोपी आहे. ते सहसा दुखत नाही, वाढत नाही, आणि आठवते तेव्हापासून तसेच असते. याउलट जे नवे आहे ते गंभीरपणे घ्यावे. काल उचलले जाणारे बोट आज उचलले जात नसेल, तर ते वेगळेपण नव्हे, बिघाड आहे. मनगटाचे हाड मोडून प्लॅस्टर घातल्यावर काही आठवड्यांनी अंगठा अचानक वर उचलता येईनासा झाला, तर अंगठ्याची कंडरा झिजून तुटल्याची शक्यता असते. संधिवाताच्या जुन्या रुग्णाची करंगळी किंवा अनामिका एकाएकी खाली लोंबू लागली, तर कंडरा तुटल्याचा संशय घेऊन लगेच दाखवावे. पाठोपाठ शेजारचीही तुटू शकते. बोट दुमडताना अडकून ‘टक्‌’ करून सुटणे, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होत जाणे, रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होणे, यांतले काहीही जन्मजात वेगळेपणात बसत नाही. ज्याने आपला हात आधी पाहून ठेवला आहे तो या बाबतीत कमी घाबरतो, कारण जुने काय आणि नवे काय हे त्याला सांगता येते.

काही वेळा जन्मजात वेगळेपण आणि आजार हातात हात घालून येतात, तेही सांगायला हवे. तान्ह्या बाळाला दिवसभर उचलणाऱ्या आयांना अंगठ्याच्या बाजूचे मनगट दुखण्याचा त्रास पुष्कळदा होतो. स्विस शल्यचिकित्सक द क्वेर्व्हां यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. अंगठ्याच्या दोन कंडरा एका बोगद्यातून जातात आणि तिथे घासतात. पट्टी बांधणे, विश्रांती आणि गरज पडल्यास बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, यांनी बहुतेकांना आराम पडतो. पण काही हातांत या बोगद्याच्या मधोमध पडदा असून दोन स्वतंत्र कप्पे झालेले असतात, आणि हा आजार झालेल्यांत असे हात अधिक आढळतात. इंजेक्शन एका कप्प्यात गेले आणि दुखणे दुसऱ्यात राहिले, तर गुण येत नाही. अशा वेळी डॉक्टर बदलत फिरण्यापेक्षा ‘कप्पे दोन असतील का, सोनोग्राफीत पाहता येईल का’ हा प्रश्न त्याच डॉक्टरांना विचारणे शहाणपणाचे. तसेच हाताच्या पाठीवर दिसणारी मऊ गाठ. ती बहुधा गँग्लिऑन, म्हणजे द्रवाने भरलेली निरुपद्रवी गाठ असते, पण शंभरात दोन-तीन जणांच्या हाताच्या पाठीवर एक जादा छोटा स्नायू असतो आणि तो अगदी गाठीसारखा दिसतो. बोटे ताठ केल्यावर ती ‘गाठ’ टणक होऊन हलत असेल, तर काढून टाकण्याआधी ते डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावे.

आणि शस्त्रक्रिया. जिच्या नसण्याने काही बिघडत नाही ती मनगटावरची दोरी सर्जनला मात्र फार प्रिय आहे, कारण दुसरीकडची तुटलेली कंडरा किंवा अस्थिबंध पुन्हा बांधायला ती काढून वापरता येते. अमेरिकेत फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या बेसबॉलपटूचे कोपर असेच मनगटाची कंडरा वापरून दुरुस्त केले आणि तो पुन्हा खेळला. ज्यांना ही कंडरा नाही त्यांच्यासाठी पायातली प्लँटॅरिस नावाची कंडरा हा पर्याय असतो, पण तीही काही जणांत नसते. धोका याहून मोठा आहे. हाताची एक मुख्य नस, मीडियन नर्व्ह, या कंडरेच्या अगदी शेजारून आणि खालून जाते, आणि पाल्मारिस नसलेल्या मनगटात तीच कंडरा समजून काढली गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. त्या दुर्मिळ आहेत, पण ज्याच्या वाट्याला येतात त्याच्या अंगठ्याची हालचाल आणि बोटांची संवेदना जाते. मनगटात ही नस दबल्याने होणाऱ्या ‘कार्पल टनेल’ या त्रासासाठी इंजेक्शन देतानाही हीच कंडरा खूण म्हणून वापरतात. ती नसेल तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना ते ठाऊक असलेले बरे.

तेव्हा आज वरच्या तपासण्या दोन्ही हातांवर करा. सूज, दुखणे किंवा थंडीने आखडलेपण असेल तर तो दिवस टाळा. प्रत्येक तपासणीचा फोटो किंवा दहा सेकंदांचे चित्रीकरण मोबाइलमध्ये तारखेसह ठेवा आणि उजवा कोणता, डावा कोणता हे लिहायला विसरू नका, कारण फोटोत ते उलटसुलट होऊ शकते. घरात कोणी वाद्य शिकत असेल, गवंडीकाम, शिवणकाम किंवा यंत्रावरचे काम करीत असेल, तर त्यांचेही हात पाहा. हातावर कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, की ती नोंद सर्जनपुढे ठेवा आणि भूल देण्याआधी, शुद्धीवर असताना, तुमच्याकडून मनगट वाकवून घेऊन खात्री करायला सांगा.